सातची जपमाळ आणि साडेआठची लोकल

प्रश्न: वसईतल्या एका कॅथलिक आईने विचारलं आहे. "लग्नाला १९ वर्षं झाली. नवरा चर्चगेटजवळ नोकरीला आहे, साडेआठला वसई रोडला उतरतो, घरी यायला नऊ होतात. मुलगी सोळाची, मुलगा अकराचा. सासूबाई ७८ वर्षांच्या. संध्याकाळी सातला सगळ्यांनी वेदीपुढे बसून जपमाळ म्हणायची, ही त्यांच्या सासूपासून चालत आलेली रीत. तीन महिन्यांपूर्वी मुलीने सांगितलं, 'माझा विश्वास नाही, मी बसणार नाही.' तेव्हापासून रोज सातला घरात रडारड असते. सासूबाई म्हणतात, 'या घरातून देव जाणार.' नवरा म्हणतो, 'तुम्ही काय ते बघा.' माझं कुठे चुकतंय?"

उत्तर:

ताई, मी १८ वर्षं आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या गावांत, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं. त्यानंतरची १३ वर्षं लग्नपूर्व शिबिरांत बोलते आणि अडचणीत असलेल्या कुटुंबांकडे जाऊन बसते. सातच्या जपमाळेवरून झालेलं भांडण घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच, आणि येणारी बहुतेक वेळा घरातली सूनच असते. म्हणून आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमच्या विश्वासात काही खोट आलेली नाही. मुलीने नकार दिला हे तुमचं पाप नाही. तुम्ही दोन माणसांच्या मधे उभ्या आहात आणि दोघींचा मार तुम्हाला बसतो आहे.

आता सातचं बघू. सात वाजताच का? सासूबाईंच्या तरुणपणी घरातली माणसं वाडीत राबायची. केळी, पानवेली, फुलं, भाजी, विहिरीचं पाणी, सगळी कामं उजेडातली. अंधार पडला की वाडीतलं काम थांबायचं, देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा व्हायची, माणसं हातपाय धुऊन घरात यायची. जेवण व्हायचं होतं, झोप आली नव्हती, आणि सगळे एका छपराखाली होते. म्हणून सात. आज तुमच्या घरात सातला नवरा अजून ऑफिसातून निघतच असतो, मुलगी क्लासमधून नुकतीच आलेली असते, मुलाचा गृहपाठ अर्धा असतो आणि तुमच्या चुलीवर काहीतरी असतं. सासूबाईंच्या घरात सातला सगळे एकत्र होते म्हणून प्रार्थना होत होती. तुमच्या घरात ती वेळ नऊची आहे.

हे सासूबाईंना पटवणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. त्यांना वाटतं आपण देवाशी केलेला करार मोडतो आहोत. तेव्हा त्यांच्याशी बोलण्याआधी जपमाळेबद्दल थोडं समजून घ्या, म्हणजे तुमचाही आवाज कापणार नाही.

मठातले साधू बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं अशा साध्या माणसांनी त्यांच्या जागी १५० वेळा 'नमो मारिया', ही येशूच्या आईची छोटी प्रार्थना, म्हणायला सुरुवात केली. अशी ही कष्टकऱ्यांची प्रार्थना. आज आपण म्हणतो तिचा साचा पोप पाचवे पायस यांनी १५६९ मध्ये पक्का केला. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना झाला तो पोप तेरावे लिओ यांच्यामुळे, १८८३ पासून. आणि गुरुवारी आपण जी प्रकाशाची रहस्यं म्हणतो, म्हणजे जपताना येशूच्या जीवनातले जे प्रसंग मनात आणतो, ती पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये दिली. म्हणजे सासूबाईंच्या सासूबाईंनी ती कधी म्हटलीसुद्धा नसणार. वडिलधाऱ्यांची म्हणून आपण जी जपमाळ धरून ठेवतो, ती त्यांच्या हयातीनंतरही वाढली, बदलली.

आणखी एक. ख्रिस्तसभेने आपल्यावर काय बंधनकारक केलं आहे? रविवारची आणि सक्तीच्या सणांची मिस्सा (देवळातली मुख्य उपासना), वर्षातून एकदा तरी पापस्वीकार, पुनरुत्थानकाळात ख्रिस्तप्रसाद, उपवासाचे नेमलेले दिवस. घरातली रोजची जपमाळ या यादीत नाही. ती भक्ती आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये पवित्र मारियेच्या भक्तीवर लिहिलेल्या पत्रात जपमाळेची थोरवी भरभरून सांगितली, कुटुंबाने ती एकत्र म्हणावी असं कळकळीने लिहिलं, आणि शेवटी असंही लिहिलं की ही प्रार्थना उत्तम आहे तरी भाविकाने तिच्याबाबत शांत मनाने मोकळं असावं, तिच्या अंगच्या गोडीने तिच्याकडे ओढलं जावं. गोडीने ओढलं जावं, या शब्दांपाशी मी पुष्कळदा थांबते. कारण मी स्वतः उलटं केलं होतं.

माझा मुलगा सतरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी उठून बाहेर गेला. मी त्याला हाताला धरून परत आणलं, बसवलं, आणि म्हटलं, जपमाळ झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. त्याने पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा 'नमो मारिया'चे पाचही भाग, म्हटली. एकही शब्द चुकला नाही. त्याच्या आवाजात जो थंडपणा होता तो मला आजही ऐकू येतो. त्या रात्री तो जेवला नाही. पुढे दीड वर्ष रोज बसला आणि कॉलेजसाठी पुण्याला गेल्यावर पहिल्या आठवड्यात सगळं सोडून दिलं. आता तो ३४ वर्षांचा आहे. कधी मिस्सेला जातो, कधी जात नाही. जपमाळ म्हणत नाही. माझ्या नवऱ्याने मला त्या वेळी एवढंच विचारलं होतं, "तू त्याला देवापुढे बसवलंस की तुझ्यापुढे?" मी उत्तर दिलं नाही, कारण होतं ते देण्यासारखं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी मी मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "आई, ते कधीच गेलं." पण गेलेलं नाही, आम्हा दोघांनाही ते कळतं.

म्हणून ताई, ताट आणि प्रार्थना यांची सांगड घालू नका. मोबाइल काढून घेणं, सहलीला न पाठवणं, बाबांना सांगेन म्हणून धाक घालणं, यांतलं काहीही प्रार्थनेला जोडू नका. ज्या मुलांना शिक्षा म्हणून प्रार्थना करावी लागली, त्यांना पुढे दुःखात प्रार्थना आठवत नाही, शिक्षा आठवते. शिबिरात येणाऱ्या तरुण जोडप्यांकडून मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

मग करायचं काय? सासूबाईंची जपमाळ सातलाच होऊ द्या. पूर्ण, पाचही दशकं, लितानी (मारियेच्या नावांची प्रार्थनामाला), मृतांसाठीच्या प्रार्थना, त्यांना हवं ते सगळं. त्यात कोणी काटछाट करू नये. शक्य असेल तेव्हा तुम्ही बसा, मुलगा बसला तर बसेल. ती त्यांची प्रार्थना आहे आणि तुमच्या घराला तिचा आधार आहे.

आणि नवरा आल्यावर, जेवायच्या आधी, सगळ्यांनी मिळून एकच दशक. एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा', दहा 'नमो मारिया', एक 'पित्याला, पुत्राला'. घाई न करता म्हटलं तरी चार मिनिटं लागतात. ज्या घरांत चाळीस मिनिटांचा कंटाळा होता तिथे तो कंटाळा पाच दशकांचा नसून मागे जोडलेल्या शेपटाचा असतो, हे मी पाहिलं आहे. एकेक नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), एकेक संत वर्षानुवर्षं जोडला जातो, काढला कोणीच जात नाही.

दशक सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारायचा: "आज कोणासाठी?" रोज एकाने सांगायचं. पुस्तकी मराठीत नाही, घरी जी बोलता त्या बोलीत. तुमच्या घरी कादोडी, ही आपल्या वसईची बोली, बोलत असाल तर कादोडीत. पहिले चार-पाच दिवस सगळे 'आजारी लोकांसाठी' म्हणून मोकळे होतील. मग एक दिवस मुलगा म्हणेल, वर्गातला अमुक मला मारतो, त्याच्यासाठी. किंवा नवरा म्हणेल, ऑफिसात माणसं कमी करणार आहेत. एका घरात बापाने आपली नोकरी गेल्याचं बायकोला पहिल्यांदा सांगितलं ते या प्रश्नाच्या उत्तरात. तीन आठवडे तो रोज डबा घेऊन स्टेशनवर जात होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबाविषयीच्या पत्रात हेच सुचवलं आहे: दिवसातली काही मिनिटं काढा, देवासमोर एकत्र या, काळजी सांगा, अडचणीत असलेल्यासाठी मागा, आभार माना, मारियेकडे सांभाळ मागा. त्यांनी मिनिटं म्हटलं आहे, तास म्हटलेलं नाही.

आता मुलगी. तिने 'माझा विश्वास नाही' असं तोंडावर सांगितलं, याबद्दल आधी तिचे आभार माना. खरंच माना. सोळाव्या वर्षी खोटं बोलणं फार सोपं असतं, ओठ हलवले की भागतं. ती तुमच्याशी खरं बोलली, म्हणजे तिला अजून तुमच्याशी बोलायचं आहे. मग तिला विचारा, कशावर विश्वास नाही? देवावर? की मारियेला पन्नास वेळा तेच सांगण्यावर? की घरातली मोठी माणसं प्रार्थनेनंतर पाच मिनिटांत एकमेकांना जे बोलतात, त्यामुळे प्रार्थनेवर? वर्गात मी मुलांना हे कागदावर, नाव न घालता लिहायला सांगत असे. देव नाही असं लिहिणारी मुलं थोडी निघायची. घरच्यांबद्दल लिहिणारी भरपूर. तिचं उत्तर ऐकताना मधे बोलू नका. लगेच फादरांकडे पाठवू नका. तिला वाटेल, आई घाबरली आणि मला दुसऱ्याकडे ढकललं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगते. पुनरुत्थित प्रभू शिष्यांना दिसला तेव्हा थॉमस तिथे नव्हता. तो म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. पुढचं वाक्य आपण वाचतो आणि सोडून देतो: आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थॉमस त्यांच्यात होता. ते आठ दिवस त्याचा विश्वास नव्हता. तरी त्यालाही कोणी बाहेर काढलं नाही, तोही निघून गेला नाही. त्यांनी एकत्र भाकर खाल्ली असेल, एका खोलीत झोपले असतील. तुमच्या घरात सध्या ते आठ दिवस चालले आहेत. ते किती महिन्यांचे किंवा किती वर्षांचे असतील ते मी सांगू शकत नाही. तिला खोलीत राहू द्या, एवढं तुमच्या हातात आहे. नऊच्या दशकाला तिने बसावं, म्हणू नये, चालेल. 'आज कोणासाठी' याचं उत्तर मात्र तिच्या पाळीला तिने द्यावं, कारण तो प्रश्न विश्वासाचा नसून घराचा आहे. नकोच म्हणाली तर तिने ताटं मांडावीत. त्यावर टोमणा नको.

सासूबाईंकडे मी मुद्दाम आता येते, कारण त्यांची भीती सगळ्यांत खोल आहे. 'या घरातून देव जाणार' या वाक्यात मला एक दुसरं वाक्य ऐकू येतं: मी गेल्यावर माझ्यासाठी कोण प्रार्थना करणार? आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका जपमाळेनंतर मेलेल्यांची नावं घेतात. सासरे, दीर, बाळंतपणात गेलेली नणंद, ज्याचा फोटोही नाही असं तीन दिवसांचं बाळ. त्यांच्या डोक्यात ही यादी आहे, ती कुठेही लिहिलेली नाही, आणि आपल्यामागे ती घेणारं कोणी नाही असं त्यांना दिसतं आहे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण कबरी झाडतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो, पण त्या यादीतल्या निम्म्या माणसांच्या कबरीही आता सापडत नाहीत.

तुमच्या मुलाला एक वही द्या आणि आजीजवळ बसवा. तिने नावं सांगायची, त्याने लिहायची. नाव, नातं, कसे गेले, काय आवडायचं. अकरा वर्षांचं पोर प्रश्न फार चांगले विचारतं. एका घरात हे काम पावसाळाभर चाललं, ६० च्या वर नावं झाली, आणि शेवटी शेवटी ऐकायला घरातली इतर माणसंही यायला लागली. तिथल्या आजीने नातवंडांवर रागावणं बंद केलं असं मी म्हणणार नाही. पण देव जाणार, हे म्हणणं तिने सोडलं.

त्यांच्या भीतीला इतिहासाचाही आधार आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. १७३९ मध्ये वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून घेतला आणि युरोपीय धर्मगुरू निघून गेले. त्यानंतरही इथल्या गावांत श्रद्धा टिकली. तेव्हा आणि पुढेही, १९६० च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होती. आपल्या भाषेत देवाशी बोलायची जागा म्हणजे घर, आणि घरात बोलणारी माणसं म्हणजे बहुतेक करून बायका. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वसभेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं, ते आपल्या आज्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. सासूबाईंना हे बोलून दाखवा. 'तुम्ही जे सांभाळलंत ते आम्हाला माहीत आहे' हे वाक्य त्यांनी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलं आहे का, आठवून पाहा.

नवऱ्याबद्दल थोडंच लिहिते. 'तुम्ही काय ते बघा' हे चालणार नाही. नऊचं दशक त्यांनी सुरू करायचं. चर्चगेट ते वसई सव्वा तासाचा प्रवास दोन वेळा करून माणूस पिळून निघतो, हे मान्य. पण त्याच लोकलमध्ये भजनी मंडळी टाळ वाजवत जातात, आणि महिलांच्या डब्यात बोटांवर जपमाळ मोजणाऱ्या बायका मी कित्येक वर्षं पाहिल्या आहेत. तुमच्या नवऱ्याला गाडीत काही म्हणता आलं तर म्हणू दे, नाही आलं तरी घरी आल्यावर चार मिनिटं त्यांची. मुलं बापाच्या तोंडून 'नमो मारिया' ऐकतात तेव्हा वेगळं ऐकतात, आणि तुमच्या मुलीला तर ते ऐकण्याची फार गरज आहे असं मला वाटतं.

आणि जपमाळेच्या आधी माफी. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. क्रम त्याने स्वतः लावून दिला आहे. तुमच्या घरात तीन महिन्यांत सातच्या सुमाराला जे बोललं गेलं, त्यातलं तुमचं जे असेल त्याची माफी तुम्ही मुलीकडे मागा, सासूबाईंकडेही मागा. दोघींनी ती परत मागावी अशी वाट पाहू नका. पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्द पुन्हापुन्हा सांगत: विचारू का, आभारी आहे, चुकलं. शिबिरात मी जोडप्यांना हे तीन शब्द आपापल्या बोलीत एकमेकांकडे बघून म्हणायला लावते. तिसऱ्या शब्दाला निम्मे लोक खाली बघतात.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीसाठी लिहिलीच पाहिजे. ज्या घरात दारू पिऊन मारहाण होते, तिथे 'जपमाळ म्हण, सहन कर' असा सल्ला कोणी देत असेल तर तो ख्रिस्तसभेचा सल्ला नाही. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचं कारण धर्मसभेच्या कायद्याचं ११५३ वं कलम मान्य करतं. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. प्रार्थना तिथे बसूनही होते.

ताई, तुमचा प्रश्न पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की त्यात सगळ्यांची श्रद्धा आहे. सासूबाईंची आहे, मुलीची नसलेली आहे, नवऱ्याची थकलेली आहे. तुमची कुठे आहे? मेणबत्ती तुम्ही लावता, सगळ्यांना हाका तुम्ही मारता, चुलीवरचं बघायला मधेच तुम्ही उठता, रडणाऱ्यांना तुम्ही समजावता. तुम्ही स्वतः शेवटची प्रार्थना कधी केलीत? स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेजाने आपल्या मठातल्या बहिणींना लिहिलं होतं की स्वयंपाकघरात काम असेल तर प्रभू भांड्याकुंड्यांमध्येही वावरतो. ती हे गमतीने म्हणत नव्हती. तिने मठ चालवले होते, भांडी तिला ठाऊक होती.

आठवड्यातून एका दुपारी, घर शांत असेल तेव्हा, देवळात जाऊन पंधरा मिनिटं नुसत्या बसा. काही म्हणायचं नाही, कोणासाठी मागायचं नाही. कोणी विचारलं तर बाजारात गेले होते म्हणू नका, देवळात बसले होते म्हणून सांगा. मुलीला तेही कळू द्या.

आमच्या घरी दशक रात्री साडेनऊला होतं. आम्ही दोघंच असतो आता. आज 'कोणासाठी' सांगायची पाळी माझी आहे, आणि मी तुमच्या घराचं नाव घेणार आहे.